नरडाण्याच्या गोदामाचं कुलूप

गुरुवारी सकाळी मी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या घरी बसून एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर घोडा उजवीकडे सरकवत होतो. मालकाच्या मते डावीकडे तोंड केलेला घोडा नवरदेवाला परत घेऊन चालल्यासारखा दिसत होता. तेवढ्यात धुळ्याहून किरणचा फोन आला.

"तेजस, आपला गेम आठवतो का?"

"कुठला?"

"आयुष्यात एकच तर केला. मॅग्नस."

"हां. त्याचं काय?"

"तो मुरला म्हणे. चांगला मुरला. फिनलंडमध्ये."

आता हे सगळं सांगायचं तर मॅग्नसपासून सांगावं लागेल. मॅग्नस म्हणजे लाल दाढीचा एक परदेशी दीपस्तंभवाला. आम्ही अकरावीत असताना त्याचे दोन गेम आले होते. चित्रात वस्तू दिसली की उचलायची, दुसऱ्या कशाला तरी लावून बघायची, काही झालं तर पुढे जायचं, असा तो प्रकार. दुसऱ्या गेमच्या शेवटी मॅग्नस तराफ्यावर बसून समुद्रात निघतो आणि कंपनी बंद पडते. माणूस तिथेच, पाण्यात. जगभरच्या चाहत्यांना हे काही सहन झालं नाही. ज्याला जमेल त्याने घरच्या घरी तिसरा भाग केला. ब्राझीलच्या एका दाताच्या डॉक्टरने केला. हंगेरीतल्या एका घटस्फोटित जोडप्याने केला, दोघांनी वेगवेगळा. आणि दोन हजार दहा साली, जळगावात इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, मी आणि किरणने केला. नाव, 'मॅग्नस भुसावळला'.

समुद्रातला माणूस भुसावळला कसा पोचला याचा खुलासा आम्ही पहिल्याच वाक्यात उरकला होता. 'तापीला उलटा पूर आला.' यावर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

भुसावळ स्टेशनवर मॅग्नसचा कंदील चुकून पार्सलमध्ये जातो आणि नरडाण्याला उतरवला जातो. मॅग्नस पॅसेंजरने नरडाण्याला जातो. तिथे गोदाम, गोदामाला दार, दाराला कुलूप. चित्रं मी पेंटमध्ये माउसने काढत होतो, बाकीची डोकेफोड किरण करत होता. कुलपापर्यंत पोचलो आणि परीक्षा आली.

"आत काय दाखवायचं?" किरणने विचारलं होतं.

"कंदील."

"काढलास?"

"नाही."

किरणने जरा विचार केला आणि कुलपावर एक वाक्य टाकलं. 'योग्य वस्तू शोधा.'

"आता गेम अपुरा नाही," तो म्हणाला. "अवघड आहे."

आणि आम्ही तो इंटरनेटवर सोडून दिला. किरणला पुढे नरडाण्याच्याच एमआयडीसीत नोकरी लागली. मला घोडे लागले.

फिनलंडमध्ये योर्मा नावाचा एक माणूस आहे. त्याच्याकडे तिथे अंधार बराच आणि कामं कमी असावीत. तो चाहत्यांनी केलेले असले जुने गेम शोधून खेळतो आणि यादी करतो: कोणते टिकले, कोणते नासले. त्याचं म्हणणं असं की ज्यांनी तेव्हा थ्रीडीचा सोस केला त्यांच्या गेममधले चेहरे आता भिजवलेल्या कणकेसारखे दिसतात. ज्यांनी त्या वर्षीच्या बातम्यांवर विनोद केले त्यांचे विनोद त्याच वर्षी वारले. दाताच्या डॉक्टरचा टिकला, कारण त्यातले सगळे आवाज त्याने स्वतःच्या तोंडाने काढलेत, वादळासकट. हंगेरीतल्या बाईचा टिकला, नवऱ्याचा नासला, आणि हे लिहिताना योर्माला झालेला आनंद भाषांतरातूनही कळत होता. आमचा सातव्या नंबरवर होता. पुढे लिहिलं होतं, 'हा गेम म्हातारा झालेला नाही. जन्माला आला तेव्हाही तो असाच दिसत असणार.'

"स्तुतीच आहे ना ही?" किरणने पाठवलेली यादी वाचता वाचता मी फोनवर विचारलं.

"खालची अट वाच."

अट अशी होती की यादीतला गेम जगात निदान एका माणसाने शेवटपर्यंत खेळलेला पाहिजे. 'मॅग्नस भुसावळला' कोणी संपवल्याची नोंद नाही. रविवारपर्यंत पुरावा आला नाही, तर गेम अपुरा समजून काढून टाकणार.

"मग काढू दे की. खरंच आहे ते."

"अजून खाली वाच. उत्तर कोणी दिलंय बघ."

उत्तर 'झुलाल केबिन पश्चिम' अशा नावाच्या माणसाने दिलं होतं. 'डोअर विल ओपन. माय गॅरंटी. लाइन क्लिअर. फोटो संडे.'

मी घोडा अर्ध्यात सोडला.

झुलाल आबा म्हणजे किरणचे वडील. भुसावळच्या सिग्नल केबिनमध्ये अडतीस वर्षं लिव्हर ओढलेले. 'लाइन क्लिअर' हे दोन शब्द त्यांनी खात्री केल्याशिवाय कधी उच्चारले नाहीत. संडास रिकामा आहे का, असं घरात कोणी विचारलं तरी आबा आधी स्वतः जाऊन बघून येतात, मग सांगतात. दोन हजार तेराला रिटायर होऊन ते धुळ्याला किरणकडे देवपुरात राहायला आले, आणि नोकरी सुटलेला माणूस घरात सगळ्यांना सिग्नल द्यायला लागू नये म्हणून किरणने पहिल्याच दिवशी त्यांना गेम लावून दिला. पंधरा दिवस गुंततील, असा त्याचा हिशेब होता. बारा वर्षं झाली.

आबांची अट एकच होती. "उत्तर सांगशी तर याद राख."

किरणने वडिलांची आयुष्यात एवढी एकच आज्ञा तंतोतंत पाळली. उत्तर नव्हतंच.

"रविवारी आबा साऱ्या जगापुढे खोटे पडतील," किरण म्हणाला. "सत्तरी उलटलेला माणूस. शब्दाशिवाय दुसरं काय आहे त्यांच्याकडे?"

"तू आहेस ना."

"म्हणून तर म्हणतो. ये लवकर. दार बनवू."

गेमच्या मूळ फाइली माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर होत्या आणि हार्ड डिस्क आईने टीव्हीच्या स्टँडखाली टेकू म्हणून घातली होती. ती काढली तसा टीव्ही तिरका झाला. बातम्या सांगणारी बाई एका बाजूला कलली. आईला सांगितलं, दोन दिवस मान वाकडी करून बघ. शुक्रवारी सकाळच्या एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो.

आबा कॉम्प्युटरसमोरच होते. कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण, ते उचलून मागे घेतलेलं, नवरीच्या पदरासारखं.

"ये रे जळगाववाला. जेवण व्हयनं का?"

"हो आबा, जेवूनच निघालो."

"मंग आखो जेव."

जेवलो. आबा दुपारी दोन ते तीन झोपतात. दोनला त्यांच्या खोलीचं दार लागलं आणि दोन वाजून एक मिनिटाला किरणची बायको रत्ना एक जाड रजिस्टर घेऊन बाहेर आली.

"तीनपर्यंत वाचा," ती म्हणाली. "तीन म्हणजे तीन. त्यांना गजर लावावा लागत नाही. ते स्वतःच गजर आहेत."

रजिस्टर उघडलं आणि आम्ही दोघं पुढे वाकलो. गेममध्ये उचलता येतील अशा वस्तू सत्तावीस. त्या लावून बघता येतील अशा जागा बावन्न. आबांनी पट्टीने रेघा मारून एक हजार चारशे चार खाने पाडले होते. प्रत्येक खान्यात तारीख आणि निकाल. '१२ ऑगस्ट २०१४. केळीचा घड, कुलूप. नाही.' '१३ ऑगस्ट. केळीचा घड, स्टेशन मास्तर. नाही. बरोबर आहे.' '२ नोव्हेंबर. भरीत, सिग्नल. नाही. सिग्नल खराब होईल.' सगळे खाने भरलेले होते. मग पुढच्या पानापासून 'फेरतपासणी' सुरू.

"यातलं एखादं 'नाही' आपण 'हो' करून टाकू," मी म्हणालो. "केळीच्या घडाने उघडू दे."

"आबा विचारतील, मग बारा ऑगस्टला का नाही उघडलं? काय सांगू?"

रत्ना म्हणाली, "शेवटचं पान बघा."

शेवटच्या पानावर लाल पेनाने एकच खाना आखला होता. वर लिहिलं होतं, 'बिनतिकीट प्रवास'. खाली, 'करणे नाही.' निकालाची जागा कोरी.

भुसावळला मॅग्नसला तिकीट लागतं. तिकिटासाठी आम्ही त्याला मालधक्क्यावर केळी भरायला लावली होती. एकेक घड उचलून ठेवायचा, खरी चाळीस मिनिटं जातात. पण शेजारीच दुसरा पर्याय ठेवला होता, 'पळ काढा'. एक क्लिक, टीसी बघतच राहतो, मॅग्नस गाडीत. जगात ज्याने ज्याने हा गेम खेळला त्याने पळच काढला असणार. आबांनी मात्र दर खेपेला चाळीस मिनिटं केळी भरली होती. बारा वर्षांत मॅग्नसने त्यांच्या हाताखाली जेवढी केळी भरली, तेवढी एखाद्या हंगामात रावेरहून निघत असतील.

"एवढाच खाना रिकामा आहे," किरण म्हणाला. "बिनतिकीट आलेल्या मॅग्नसने दाराला हात लावला की दार उघडणार. संपलं."

"आबा करतील?"

"शब्दासाठी करतील."

रत्ना आमच्याकडे अशी बघत होती, जशी ती फाटलेल्या दुधाकडे बघते. तीनला पाच कमी असताना रजिस्टर जागच्या जागी गेलं.

त्या दुपारी आणि शनिवारी सकाळी आम्ही दिवाणावर बसून दार बनवलं. कंपनीची वेबसाइट करतोय, असं आबांना सांगितलं. गोदामाची आतली खोली मी काढली, पण एक भलतीच अडचण आली. पंधरा वर्षांत माझा हात सुधारला होता.

"इतकं चांगलं नको काढू," किरण म्हणाला. "संशय येईल."

मग कंदील मी डाव्या हाताने काढला. शनिवारी दोन ते तीनमध्ये पेन ड्राइव्हने नवा गेम आबांच्या कॉम्प्युटरवर गेला.

रविवारी सकाळी अकराला आबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. रत्ना फोटो काढायला मोबाइल घेऊन मागे उभी. आम्ही दोघं दोन बाजूंना. आबांनी शांतपणे चाळीस मिनिटं केळी भरली. मॅग्नस तिकीट घेऊन गाडीत बसला, नरडाण्याला उतरला, कुलपासमोर उभा राहिला. आबांनी त्याचा हात दाराला लावला. 'योग्य वस्तू शोधा.'

किरण खाकरला. "आबा, एक खाना रिकामा शे ना?"

आबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"मन्हं रजिस्टर कोनी उघाडं?"

"मी दिलं," रत्ना म्हणाली.

आबा पडद्याकडे वळले. मॅग्नस पापण्या हलवत होता. त्याला तेवढंच येत होतं.

"तो खाना रिकामा नही," आबा म्हणाले. "सोळामा करेल शे. बठ्ठा घर लग्नले गयतं. मी एकलाच व्हतू. मॅग्नसले बिनतिकीट लई गऊ. दारले हात लावा. उघडनं नही."

"आणि लिहिलं नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कसं लिखू? अडतीस वरीस रेल्वेमा काढात. आनी एक कुलूपसाठे माणूस बिनतिकीट धाडा." त्यांचे कान लाल झाले होते. "आठ दिन गळाखाले घास उतरना नही."

हिशेब रत्नाने आधी केला. "म्हणजे आबा, दार उघडतच नाही हे तुम्हाला नऊ वर्षांपासून माहीत आहे?"

"माहीत शे."

"मग त्या फिनलंडवाल्याला गॅरंटी कशाची दिली?"

आबांनी एक बोट किरणकडे केलं, एक माझ्याकडे. "दारनी नही दिन्ही. ह्या दोन्हीसनी दिन्ही. म्हनं, बापनी इज्जत जाई तव्हय तरी करतीन." मग माझ्याकडे वळले. "शुक्रवारले जळगाववाला काम नसताना वना, तव्हयच समजनं, दार बनी राहिनं. आनी काल गेम अडतीस एमबीना एकेचाळीस व्हयना. मी केबिनवाला शे रे. डबा वाढनात तर माले समजतस."

किरणने खाली बघितलं. फरशीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघितलं.

"पन बिनतिकीट?" आबा म्हणाले. "पंधरा वरीस मिळनात, आनी दोन्ही इंजिनियरसले हाईच सुचनं?"

"आता एक क्लिक आहे आबा," किरण म्हणाला. "या वेळी खरंच उघडेल. फोटो काढू, पाठवू, विषय संपला."

"नही."

"मग संध्याकाळी तुमची गॅरंटी..."

"एकदाव करं. दुसरांदाव नही."

मॅग्नस पापण्या हलवत होता. मी मनात योर्माला काय कळवायचं त्याची वाक्यं जुळवायला लागलो, कारण खरं सांगायचं तर मला सातवा नंबर आवडला होता.

मग आबांनी विचारलं, "नरडाणाले टीसी शे का?"

"गेममध्ये? नाही."

"काढा. मॅग्नस बिनतिकीट यी. पन उतरना का सोता टीसीकडे जाई. सांगी, चुकनं. दंड भरी. पावती ली. पावती दाखाडी का मंग दार उघडी. नियममा बसस."

मी आणि किरणने एकमेकांकडे बघितलं. पावती. अठ्ठाविसावी वस्तू. रजिस्टरमध्ये जिचा एकही खाना नव्हता.

"पण दंडाला पैसे कुठून आणेल तो?" किरणने विचारलं.

"नरडाणाले केळी भरी."

"म्हणजे शेवटी चाळीस मिनिटं भरायचीच?"

"मंग? फुकट शे का?"

दुपार अशी गेली. टीसी मी डाव्या हाताने काढला. आबांनी तीनदा परत पाठवला: एकदा टोपी चुकली, एकदा बटणं, आणि एकदा टीसी उद्धट दिसत होता म्हणून. पावतीचा नमुना त्यांनी स्वतः पट्टी घेऊन कागदावर आखला आणि मागे कार्बन कॉपी दिसलीच पाहिजे म्हणाले. ती गेममध्ये कोणालाच दिसणार नाही, असं किरणने सांगितल्यावर ते म्हणाले, "टीसीले दिसी ना." दोन वाजले, तीन वाजले. बारा वर्षांत पहिल्यांदा आबा झोपले नाहीत. रत्नाने चहात साखर टाकली की नाही हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, तिच्यासुद्धा.

पाचला परत सुरुवात. 'पळ काढा'वर क्लिक करताना आबांनी डोळे मिटले. मॅग्नस पळाला. नरडाण्याला उतरून टीसीसमोर उभा राहिला आणि किरणने लिहिलेलं वाक्य बोलला, 'साहेब, मी बिनतिकीट आलो.' टीसी नम्र होता. मग चाळीस मिनिटं केळी. मग पावती. पावती कुलपाला लावली.

दार उघडलं.

आत माझा कंदील होता. आबांनी नाक पडद्याला लावलं.

"हाई काय शे? वांगं?"

"कंदील, आबा."

"बरं."

रत्नाने फोटो काढला. आबांनी तो योर्माला पाठवला, खाली लिहिलं, 'डोअर ओपन. फाइन पेड.' मग लाल पेन घेतलं, जुन्या रजिस्टरचं शेवटचं पान काढलं आणि त्या कोऱ्या जागेत सोळा सालातली तारीख घातली. पुढे लिहिलं, 'केले. नाही.' सही केली. मान वर केली तेव्हा ते वेगळे दिसत होते. शर्टाची इस्त्री मोडली होती, पण तेवढंच नाही.

मग माझं लक्ष गेलं. कंदिलाच्या मागे भिंतीत एक लहानसं दार होतं. त्याला कुलूप होतं. हे मी काढलेलं नव्हतं.

मी किरणकडे बघितलं. किरण पंख्याकडे बघत होता.

"काल रिकामं रिकामं वाटत होतं," तो पुटपुटला.

"त्याच्या आत काय आहे?"

"काढलंयस का तू काही?"

"नाही."

"मग कळलंच की."

आबांनीही दार बघितलं होतं. ते उठले, कपाटातून कोरं रजिस्टर आणलं आणि पट्टीने रेघा मारायला बसले. अठ्ठावीस खाने आडवे. पहिल्या खान्यात तारीख घातली. पावती दुसऱ्या कुलपाला लावून बघितली आणि लिहिलं, 'नाही.'

"उत्तर सांगानं नही," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पन ह्या बारीले दारना मागे कायतरी ठेवा. घाई नही." त्यांनी दुसरी रेघ मारली. "शनिवारले दोन ते तीन मी झोपेल राहस."